ठोक्यानंतर अकरा मिनिटांनी

माझे शिकागोतले घरमालक पहिल्याच भेटीला अकरा मिनिटं उशिरा आले. भेट त्यांच्याच घरी ठरली होती आणि ते घरातच होते. मी दाराबाहेर उभी होते, बेल वाजवून झाली होती आणि आत कोचावर बसलेले किरमिजी कोटातले, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ मला काचेतून स्पष्ट दिसत होते. त्यांनाही मी दिसत होते. त्यांनी मला हात केला, मीही केला. मग आम्ही दोघं अकरा मिनिटं आपापल्या जागी थांबलो. त्यानंतर ते शांतपणे उठले, दार उघडलं आणि म्हणाले, "या डॉक्टर. तुमचीच वाट पाहत होतो."

मी डॉक्टर नव्हते. मी नुकती आलेली संशोधक विद्यार्थिनी होते आणि ती पदवी अजून पाच वर्षं लांब होती. प्रथिनांच्या रेणूंना घडी पडायला किती वेळ लागतो हे मोजणं हा माझा विषय. त्यात सेकंदाचा हजारावा भागसुद्धा ढोबळ मानतात. अशा विषयातल्या माणसाने त्या उंबरठ्यावरूनच परत फिरायला हवं होतं. परंतु भारतीय दुकानांचा डेव्हन ॲव्हेन्यू तिथून दोन चौकांवर होता, मेथीची जुडी पायी जाऊन आणता येत होती आणि बस कोपऱ्यावर थांबत होती. मी वरचा मजला घेतला. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण राहत असत.

तरुणपणी ते सोल गायक होते. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनातून निघून नाचगाण्याच्या दिवाणखान्यात शिरलेलं गाणं. एकाने आळवायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. प्रेमभंग खरा नसला तरी चालेल, घाम मात्र खरा हवा. ही व्याख्या त्यांची. "होते" हा भूतकाळ मात्र त्यांना मान्य नव्हता. तुम्ही गाणं सोडलंत का, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "छे, सध्या कडव्यांमधली वाद्यं वाजतायत." ती वाद्यं पन्नास वर्षं वाजत होती.

त्यांचा उशीर हा आळस नव्हता. त्यामागे सिद्धान्त होता आणि तो ते कोणालाही, न विचारता, समजावून देत. ढोल ठोका देतो. त्या ठोक्यावरच जो गातो तो बरोबर असतो, पण ऐकवत नाही. खरा गायक ठोका पडू देतो, ऐकणाऱ्याच्या पोटात किंचित खड्डा पडू देतो आणि मग येतो. "ठोक्यावर पडतं ते भांडं," ते म्हणत. "ठोक्यानंतर येतो तो माणूस." गाण्यापुरतं हे मला पटतही होतं. अडचण एवढीच होती, की हा सिद्धान्त त्यांनी दंतवैद्य, वाहतूक आणि अग्निशमन यांनाही लागू केला होता.

सिग्नल हिरवा झाला की ते गाडी सोडत नसत. मागून हॉर्न सुरू होत. दोन-तीन हॉर्न एका सुरात जुळले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे आणि मग ते निघत, तोवर सिग्नल बहुधा पिवळा झालेला असे. एकदा माझ्या मोहरीच्या फोडणीने घरातला धुराचा भोंगा वाजू लागला. मी आणि त्यांची बहीण रस्त्यावर धावलो, लाल गाडी आली, शिरस्त्राणं घातलेले चार धिप्पाड पुरुष वर जाऊन माझी कढई पाहून परत आले, गाडी कोपऱ्यावरून वळली, तेव्हा हे दारात उगवले. केस विंचरलेले, कोट घातलेला. गेलेल्या गाडीला त्यांनी हात केला आणि फोडणी कशाची होती ते मला विचारलं.

गाणी मात्र ते रोज वेळेवर लिहीत. सकाळच्या कॉफीबरोबर एक गाणं, आलेल्या पाकिटाच्या पाठीवर. विषय समोर जो असेल तो. भिंतीजवळच्या, खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर त्यांनी लिहिलेलं विरहगीत मला आजही आठवतं. तो फुसफुसतो पण तापत नाही, ही तक्रार त्यांनी इतकी आर्त केली होती की दुरुस्तीला आलेला माणूस टोपी काढून उभा राहिला. भाडेकरूंना द्यायच्या सूचनाही गाण्यातच असत. जिन्यात चिकटवलेल्या कागदावर पहिल्या दोन ओळी चंद्राबद्दल असत, तिसरी एकटेपणाबद्दल, आणि चौथ्या ओळीवरून कळे की प्लास्टिकचा कचरा गुरुवारी बाहेर ठेवायचा आहे.

मधल्या काळात त्यांनी रेडिओच्या जाहिरातींसाठीही गाणी केली होती. त्यांतलं एक गाद्यांच्या दुकानाचं होतं. अर्ध्या मिनिटाच्या त्या गाण्यात थकलेल्या देहाचं वर्णन असं काही रंगलं होतं, की दुकानाचं नाव यायच्या आधीच अर्धं मिनिट संपलं. शहरभर लोकांनी गाद्या घेतल्या म्हणे. इतर दुकानांतून.

त्यांच्या उशिराची मी नोंद ठेवू लागले, हे कबूल करते. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे एवढी निरीक्षणं जमली की आलेख काढता आला. दहा नाही, बारा नाही, अकरा. अशी स्थिरता माझ्या प्रथिनांनी कधी दाखवली नाही. मग मी एक प्रयोग आखला. बहीणबाईंना विश्वासात घेऊन खालच्या मजल्यावरची सगळी घड्याळं अकरा मिनिटं पुढे केली आणि त्यांना दुपारी तीनला वर चहाला बोलावलं. अपेक्षा अशी, की ते खऱ्या तीनच्या ठोक्याला येतील. ते तीन वाजून अकरा मिनिटांनी आले. आठवडाभराने प्रयोग पुन्हा केला. फरक पडला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते घड्याळ पाहतच नाहीत. ते जिन्यात उभे राहून कान देतात. वाट पाहणारा माणूस आधी शांत असतो, मग हालचाल करतो, मग उठून दारापर्यंत येतो, मग कंटाळून परत बसतो. बसला, की हे येतात. माणसाची वाट पाहण्याची ताकद त्यांच्या हिशेबी अकरा मिनिटं होती, आणि तोच त्यांचा ठोका होता.

त्यांच्या बहीणबाई याच्या नेमक्या उलट टोकाच्या. त्यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि एकाही थांब्यावरून एक मिनिट उशिरा हलवली नव्हती. धावत येणारी मुलं त्यांना आरशात दिसत. त्या आरसा नीट करत आणि निघत. भावाबद्दल बोलताना त्या फक्त इतकंच म्हणत, की हा जन्मालाच दोन आठवडे उशिरा आला, आणि तेव्हाही आधी फक्त पाय आला.

आता त्या तबकडीबद्दल सांगायला हवं, कारण त्यांची सारी कारकीर्द त्या एका तबकडीत मावते. किंबहुना मावत नाही, हीच तर अडचण होती.

गाणं त्यांनीच लिहिलं होतं, चाल त्यांचीच. एक तरुण कोणाला तरी सांगतो आहे, की स्टेशनावर थांब, मी निघालोच. पहिल्या कडव्यात तो बूट घालतो. दुसऱ्यात तो घराच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. तिसऱ्या कडव्यात काय होतं हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या काळच्या छोट्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत आणि यांनी बूट आणि कोपरा यांतच ती संपवली होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आवाज हळूहळू उतरवून बंद केला. हे डोळे मिटून शेवटपर्यंत गायले. यंत्र ऐकत नव्हतं.

तबकडी शहरात थोडीफार वाजली, पुढच्या उन्हाळ्यात विसरली गेली. आमच्या रस्त्यावरच्या मोजक्या म्हाताऱ्यांना ती आठवत होती आणि त्यांनी तिच्या नायकाला माफ केलं नव्हतं. औषधांच्या दुकानातली बाई यांना रक्तदाबाच्या गोळ्या देताना दर महिन्याला विचारी, "काय, अजून कोपऱ्यावरच का?" हे म्हणत, "पोहोचलो होतो." ती म्हणे, "हो, हो. जेवणानंतर एक गोळी."

मी इतके दिवस ते प्रेमगीत समजत होते. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी खालच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलताना मी तसं बोलून गेले, तर बहीणबाईंचे हात थांबले.

"प्रेमगीत कसलं? स्टेशनावर मी होते," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची. सेंट लुईसला पहिल्या नोकरीला निघाले होते. घरातलं दुसरं कोणी येऊ शकत नव्हतं. हा येणार होता निरोप द्यायला. आलाच नाही. वर त्याचं गाणं केलं. आणि गाण्यातसुद्धा आला नाही."

"आलो होतो," शेजारच्या खोलीतून आवाज आला.

"पन्नास वर्षं हेच ऐकतेय," बहीणबाई मला म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा वाटाणे सोलायला घेतले. त्या विनोदाने बोलत होत्या, पण सोललेल्या वाटाण्यांत टरफलं पडू लागली होती.

मला यात एक सोपा उपाय दिसला. पुरावा तिसऱ्या कडव्यात आहे, साक्षीदार घरात आहे, मग कडवं इथेच म्हणा आणि विषय मिटवा, असं मी शेजारच्या खोलीत जाऊन त्यांना सांगितलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "स्वयंपाकघरात म्हटलं तर ती सबब होते. स्टेजवर म्हटलं, लोकांसमोर, तर ते गाणं होतं. सबबी तिने माझ्या खूप ऐकल्यात."

त्या दिवसापासून मला ते कडवं हवं होतं. कुतूहल म्हणून तर होतंच. पण त्याहून अधिक असं, की बहीणबाईंनी सत्तरी ओलांडली होती आणि त्यांच्या बाबतीत तरी उशिराला मर्यादा होती.

संधी आमच्या मराठी मंडळाने दिली. मंडळाचा गणेशोत्सव एका उपनगरातल्या शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन होई. माझ्या स्वभावाची कीर्ती तिथे पोहोचली असल्यामुळे वेळ पाळण्याचं काम माझ्याकडे होतं: वक्तृत्व स्पर्धेत असते तशी, प्रत्येकाची वेळ संपायला एक मिनिट उरलं की पहिली घंटा, संपली की दुसरी. घंटा पूजेतलीच, पितळी. आदल्या वर्षी मी अध्यक्षांना त्यांच्या स्वतःच्या परिचयाच्या मध्यात खाली बसवलं होतं. यंदा वाद्यवृंदाने ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि मी घरमालकांचं नाव सुचवलं. सचिव नागपूरचे एक काका होते, संगणक क्षेत्रातले, अत्यंत गोड. त्यांना शंका आली.

"अगं, पण मराठी प्रोग्राम आहे ना आपला."

मागच्या वर्षी पंजाबी भांगडा झाला होता, याची मी आठवण दिली.

"हो, तेही आहे म्हणा," काका म्हणाले. "दहा मिनिटं देऊ. पण टाइमवर यायला सांग हं त्यांना. शार्प चारला सुरू म्हणजे शार्प चारला सुरू."

मी निरोप पोहोचवला. घरमालकांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला: लोक वाट पाहत असतील ना? मी तिन्ही वेळा हो म्हटलं. ही माझी चूक. पाहुण्यांना आपल्या मंडळाची वेळ सांगताना जी दुरुस्ती करायची असते, ती मी केली नाही. घाईत तो आकडा तसाच दिला.

त्या शनिवारी बहीणबाईंनी गाडी चालवली, म्हणजे ती पावणेचारला पोहोचली. त्या आत येऊन पहिल्या रांगेत बसल्या. हे गाडीतच थांबले. चार वाजून अकरा मिनिटांनी सभागृहाचं दार उघडलं आणि किरमिजी कोटात, हात किंचित पसरून, ते दारात उभे राहिले.

आत मी होते, बहीणबाई होत्या, आणि खुर्च्या मांडणारा एक गृहस्थ होता. बाकी तीनशे खुर्च्या रिकाम्या.

त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी प्रथमच पाहिली. माझ्याजवळ येऊन त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सगळे उठून गेले?"

"नाही. अजून आलेले नाहीत."

"वेळ चारची होती ना?"

"चारचीच."

"मग ते येतात कधी?"

"साडेपाचपर्यंत येतील," मी म्हटलं.

ते मागच्या एका खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुठेतरी लवकर आले होते. कोणाची वाट पाहण्याचा त्यांना कसलाही सराव नव्हता. हातांचं काय करायचं ते कळेना. दोनदा उठून दारापर्यंत गेले, कंटाळून परत येऊन बसले. बहीणबाई हे पहिल्या रांगेतून मान वळवून पाहत होत्या. "श्वास घे," त्या लांबून म्हणाल्या. "छताच्या फरशा मोज. मी त्या दिवशी स्टेशनात मोजल्या होत्या."

पाचला दहा कमी असताना सचिवकाका आले. "अरे, हे आले पण?" ते कौतुकाने म्हणाले. "लोक पार्किंग करतायत हं." मी खिडकीतून पाहिलं. पार्किंगमध्ये दोन गाड्या होत्या, एक आमची आणि एक काकांची.

सुरुवात झाली तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आधी आरत्या. आमच्याकडच्या आरत्यांची गती महाप्रसादाच्या वासाच्या प्रमाणात वाढते, हे कोणीही सांगेल. शेवटच्या आरतीला तर टाळ्यांचा पाऊस पडत होता, आणि त्यात मागच्या रांगेतून एक टाळी येत होती, प्रत्येक ठोक्याच्या किंचित नंतर, निवांत. प्रथम पोरांनी वळून पाहिलं. मग पोरं त्या टाळीला लागली. मग त्यांच्या आया. शेवटचं कडवं इतकं संथ झालं की अध्यक्षांना ते पाठ नाही, हे सगळ्यांना कळलं.

पुढे मुलांचे नाच झाले, मोठ्यांचे नाच झाले, विम्याचं महत्त्व सांगणाऱ्या प्रायोजकांना मी दोन घंटांत आटोपलं, तरीही यांचं नाव पुकारलं तेव्हा आठ वाजायला वीस मिनिटं होती. सभागृह आठपर्यंतच आमचं होतं आणि शाळेचा किल्लीवाला दारात उभा होता. मागे झाकणं उघडली गेली होती. अर्धे लोक कागदी ताटं घेऊन रांगेत उभे होते.

ते माइकसमोर आले आणि गप्प उभे राहिले. खाली चुळबुळ सुरू झाली. ती मला ओळखीची होती. "माइक ऑफ आहे का?" कोणीतरी विचारलं. "विसरले वाटतं बिचारे." रांग थांबली. ताटं खाली झाली. हळूहळू तीनशे मराठी माणसं एकाच वेळी गप्प बसली आणि मग ते आले.

आवाज म्हातारा होता, पण झिजून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखा. पाय आपोआप बरोबर जागी पडावा तसा. त्यांनी बूट घातले. त्याला साडेतीन मिनिटं लागली. मग ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले. दुसरं कडवं संपत आलं तेव्हा नऊ मिनिटं व्हायला पाच सेकंद कमी होते आणि घंटा माझ्या हातात होती. मी काही निर्णय घेतला असं म्हणणं खोटं ठरेल. हाताला सवय होती. घंटा वाजली.

ते थांबले. ज्या जागी पन्नास वर्षांपूर्वी यंत्र बंद झालं होतं, नेमक्या त्याच जागी. परंतु त्यांनी मान किंचित कलती केली, स्टेशनात गाडीची घंटा ऐकावी तशी ती पूर्ण विरेपर्यंत ऐकली, आणि त्यानंतर किती वेळाने ते कळत नाही (मी घड्याळाकडे पाहायचं विसरले, ही माझ्या नोंदींतली एकमेव मोकळी जागा) त्यांनी तिसरं कडवं उचललं.

तो स्टेशनावर पोहोचतो. उशीर झालेलाच असतो. पण गाडीलाही उशीर झालेला असतो. ती फलाटावर तशीच उभी. इथे सभागृहात हशा पिकला, तासाभराने आलेल्या लोकांचा, अत्यंत मनापासूनचा. बहीणबाई हसल्या नाहीत. ती त्याला खिडकीत दिसते. मांडीवर हिरवे हातमोजे, त्यावर रुमाल, आणि त्या रुमालावर ती उकडलेलं अंडं सोलते आहे. तो काचेवर टकटक करायला हात उचलतो. लगेच नाही, म्हणतो. तिने वर पाहावं, मग. तो थांबतो. योग्य ठोक्याची वाट पाहतो.

इथे त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उचलली. दुसरी घंटा व्हायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी ती वाजवली, मंडळात पहिल्यांदाच उशिरा. गाडी सुटली.

नंतर टाळ्या, फोटो, किल्लीवाल्याची धावपळ, हे सगळं झालं. मला दिसत होत्या त्या फक्त बहीणबाई. त्या ताट घेऊन रांगेतून बाहेर आल्या, ताटातल्या बटाट्याच्या भाजीकडे पाहत उभ्या राहिल्या. घरमालक कपाळ पुसत त्यांच्याजवळ गेले. मीही गेले, निष्कर्षाच्या वेळी हजर राहायला हवं.

"अंडं नव्हतं," त्या म्हणाल्या. "उकडलेला बटाटा होता."

त्यांनीही ताटातल्या भाजीकडे पाहिलं.

शंभर टक्के जुळणारी निरीक्षणं मला नेहमी संशयास्पद वाटतात. धुरकट काचेतून सोललेला बटाटा अंड्यासारखा दिसणं, ही तिथे उभ्या असलेल्या माणसाचीच चूक होती. तरी खात्री म्हणून मी हातमोज्यांचं विचारलं.

"हिरवेच होते," बहीणबाई म्हणाल्या. "गाडीची वाट पाहताना स्टेशनातल्या दुकानात घेतले. सेंट लुईसला उतरताना डब्यातच राहिले. घरी कोणी पाहिलेच नाहीत ते." मग त्यांनी भावाकडे पाहिलं, आरसा नीट करावा तसं, नीट. "टकटक करायची होतीस."

ते थांबले. मी सवयीने मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

"करणारच होतो," ते म्हणाले.